देणाऱ्याच्या हाताला मान, घेणाऱ्यालाही

डिसेंबर उजाडला की आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही लाल टोप्या, चकचकीत चांदण्या आणि प्लॅस्टिकची झाडं दुकानांत टांगलेली दिसतात. नाताळ म्हणजे केक आणि सांताक्लॉज, असंच बऱ्याच मैत्रिणींना वाटतं. पण पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती घरांचा नाताळ अगदी आपल्या मातीतला. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ साली सुरू झालं, तरी आमच्या चुलीवर केक काही चढला नाही. चढल्या त्या करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या. दारात कामट्यांची, पतंगी कागदाची चांदणी आणि देवळात पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. हो, आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो.

माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, काम नसलं की रोजगार हमीवर खडी फोडायची. आम्ही तीन भावंडं. घरात उपाशी कुणी झोपलं नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेताना पातेल्यात डोकावून बघायची सवय तिघांनाही होती. अशा घरात नाताळच्या भेटी कुठून येणार? तरी यायच्या.

१९८८ चा नाताळ मला लख्ख आठवतो. मी चौथीत होते. आईने वर्षभर चुलत भावंडांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून ठेवली होती. दाभणाने शिवून, वर कॅलेंडरच्या जाड कागदाची पाठकोरी बाजू लावून तिने माझ्यासाठी वही केली. पानं काही रेघांची, काही चौकटींची. धाकट्या भावाला वडिलांच्या विरलेल्या पँटच्या पायाचं दप्तर. ताईला कासारणीकडून डझनभर हिरव्या बांगड्या, त्याही पायलीभर बाजरी देऊन. हे सगळं ती आम्ही झोपल्यावर, रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात करायची.

पण आईचा एक नियम होता. ज्याला भेट हवी, त्याने दुसऱ्याला काहीतरी द्यायचंच. विकत आणायचं नाही, कारण पैसे नव्हतेच. भावाने मला चिंचोके घासून गुळगुळीत करून दिले. मी ताईला चिंध्यांची वेणी घालून केसांची फीत केली. ताईने आईसाठी आठवडाभर पहाटेचं पाणी भरलं. "नुसतं घ्यायची सवय लागली की मान खाली जाते गं," आई म्हणायची. तेव्हा ते कळायचं नाही, पण फीत देताना छाती फुगायची ती मात्र खरी.

शेजारधर्माचंही तेच. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट यायचं. ते रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून तेव्हा त्यात मूठभर साखर जायची आणि नाताळात आमच्या घरचं ताट भरून जायचं. करंज्या मोजक्याच व्हायच्या. पहिल्या शेजाऱ्यांच्या, मग आमच्या. त्या ताटामुळे आमचं घर गावात गरीब असलं तरी कमी नव्हतं.

याउलटही एक आठवण आहे. एकदा कुठूनशी काही मंडळी कपडे वाटायला आली. आम्हा मुलांना ओळीत उभं केलं. माझ्या वाट्याला आलेला फ्रॉक दोन मापं मोठा होता. हातात फ्रॉक धरून फोटोसाठी हसायला सांगितलं. फ्रॉक उबदार होता, आईने तो आत घेऊन दोन वर्षं वापरायला लावला. पण तो कुणी दिला, हे मला आज सांगता येणार नाही. चिंचोके कुणी दिले, ते मात्र सांगता येतं.

सांताक्लॉज ज्यांच्यावरून आला, ते संत निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप होते. त्यांची कथा सांगतात ती अशी: एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसा नाही. निकोलसनी रात्रीच्या अंधारात त्या घरात गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या. का, तर त्या बापाला कुणापुढे मान खाली घालावी लागू नये. आपण लाल टोपी घेतली, पण ही गोष्ट मात्र मागेच राहिली.

आज मी बचत गटाच्या कामानिमित्त वस्तीत जाते. डिसेंबर आला की चांगल्या मनाची माणसं खेळणी, स्वेटर घेऊन येतात. त्यांच्या मनात खोट नसते. पण आमच्या गटातल्या बायकांनी काही वर्षांपूर्वी ठरवलं, ओळ लावायची नाही. आलेल्या वस्तू आम्ही समाजमंदिरात टेबलावर मांडतो. प्रत्येक मूल दोन रुपये देतं आणि स्वतःसाठी नाही, घरातल्या कुणासाठी तरी वस्तू निवडतं. एखादा पोरगा आजीसाठी चष्म्याचं घर शोधतो, एखादी पोरगी आईसाठी कंगवा. ज्याच्याकडे दोन रुपये नाहीत, तो टेबल पुसतो, खुर्च्या उचलतो. जमलेल्या पैशांतून सगळ्यांना चहा-बिस्किटं. फोटो कुणी काढत नाही.

यात हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सगळ्यांचीच मुलं असतात. म्हणून सांगते मैत्रिणींनो, सण कुठलाही असो, कामवालीच्या मुलाला कपडे द्यायचे असतील तर आधी माप विचारा, रंग विचारा. शक्यतो त्याच्या आईच्या हातात द्या, म्हणजे तिला ते आपल्या हाताने लेकराला देता येतील. तिने बदल्यात चार बोरं आणली, तर "कशाला गं" म्हणून परत करू नका. ओटी पसरून घ्या आणि तिच्यासमोरच एक तोंडात टाका.