बुंध्याचे दुखणे

सिमल्याच्या पुढे कोटगढ नावाचा सफरचंदांचा मुलूख आहे. १९०४ साली हिंदुस्थानात आलेले सॅम्युएल स्टोक्स हे अमेरिकन गृहस्थ पुढे येथेच स्थायिक झाले. १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतील गोड जातीची कलमे या उतारांवर लावली, आणि तेव्हापासून येथील माणसांचे सुखदुःख सफरचंदाशी बांधले गेले आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही इंदुराहून सहकुटुंब तिकडे गेलो, तेव्हा फळे उतरून गेली होती. ज्यांच्याकडे आमचा मुक्काम होता ते वृद्ध बागाईतदार आम्हांस आपली नवी बाग दाखवावयास घेऊन गेले. सहा वर्षांची झाडे, बहुतेक अजून हिरवी. मधोमध एकच झाड तांबड्या-जांभळ्या पानांनी पेटल्यासारखे उभे होते. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाला एवढे निमित्त पुरे होते. आम्ही त्या झाडाच्या सौंदर्यावर चार वाक्ये बोललो. वृद्धांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "मास्टरजी, हे झाड मरते आहे."

मग त्यांनी खुरप्याने बुंध्याभोवतीची माती दूर केली. जमिनीलगतची साल मऊ, ओलसर झाली होती. निरोगी साल आतून हिरवट-पांढरी असते. येथे दालचिनीचा रंग दिसत होता, आणि कुजलेल्या सालीचा तो पट्टा बुंध्याला जवळजवळ वेढा घालून बसला होता.

वाचकांना प्रश्न पडेल की मुळाशी एवढा घात झालेला असता पाने कशी टिकली? कारण असे की, मुळांनी शोषलेले पाणी वर चढते ते लाकडातून. आणि पानांनी तयार केलेले अन्न खाली उतरते ते सालीच्या आतल्या थरातून. साल कुजली की वरचा पुरवठा चालू राहतो, खालचा तुटतो. मुळे उपाशी पडतात आणि पानांत साखर साचत जाते. आम्ही ज्या रंगाची स्तुती केली तो या तुंबलेल्या साखरेतून आलेला होता.

या रोगाचे मूळ फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्म जीवात आहे. दिसावयास तो बुरशीसारखा, पण आजचे शास्त्रज्ञ त्याला खरी बुरशी मानीत नाहीत. १८७६ मध्ये डी बारी या जर्मन पंडिताने ग्रीक शब्द जोडून हे नाव घडविले. त्याचा अर्थ 'वनस्पतिविनाशक'. त्याचे बीजकण साचलेल्या पाण्यात पोहत जाऊन साल गाठतात. नागपूरकडील संत्र्याच्या बागांत ज्याला डिंक्या म्हणतात, तो याच कुळातील भाईबंदांचा प्रताप.

वृद्धांना खरे दुःख होते ते निराळेच. त्यांच्या मुलाने मोठ्या मायेने प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी शेणखत-मातीची भर घातली होती आणि पाण्याचे आळे थेट खोडाला भिडविले होते. कलमाचा सांधा, जो जमिनीपासून वीतभर तरी वर हवा, तो मातीत गाडला गेला. शिवाय झाडे होती एम. एम. १०६ या इंग्लंडात तयार झालेल्या खुंटावर. हा खुंट कापशा माव्याला दाद देत नाही म्हणून नावाजलेला. पण बुंध्याच्या या कुजीपुढे मात्र तो दुबळा आहे. "मुलाला मी अजून काही बोललो नाही," वृद्ध म्हणाले. मुलगा चार हातांवरच उभा होता, आणि त्याने हे ऐकले असावे असे आम्हांस वाटले.

उपाय आहे, पण वेळेवर केला तर. कुजलेला भाग निरोगी साल लागेपर्यंत खरवडून काढावयाचा, बुंधा उघडा ठेवून वाळू द्यावयाचा आणि जखमेवर लेप लावावयाचा. रानीखेतजवळ चौबटिया येथील सरकारी फळसंशोधन केंद्रात १९४२ साली असा एक लेप सिद्ध झाला व त्याच गावाच्या नावाने तो प्रसिद्ध आहे: ८०० ग्रॅम कॉपर कार्बोनेट, तितकाच शेंदूर आणि लिटरभर जवसाचे तेल. (शेंदूर फासलेले झाड पाहून आमच्या सौभाग्यवतींनी नकळत हात जोडले होते, ते येथे सांगितलेच पाहिजे. शेंदरात शिसे असते आणि ते विषारी आहे. लेप लावणाऱ्याने हात जपावे.) मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मलमही चालते. मात्र अर्ध्याहून अधिक घेर गेला असेल तर झाड बहुधा हाती लागत नाही, आणि त्या लाल झाडाचे तसेच झाले होते.

खोडांना चुना का फासतात तेही तेथेच कळले. हिवाळ्यात नैर्ऋत्येकडची साल दुपारच्या उन्हाने तापते आणि रात्री एकाएकी गोठते. कोवळी साल मग उभी तडकते. पांढरा रंग ऊन परतवून लावतो.

निघण्याच्या सकाळी बापलेक दोघे मिळून शेजारच्या झाडांचे बुंधे मोकळे करीत होते. फारसे बोलत नव्हते.

इंदुरास परतल्यावर शाळा उघडली. अंगणातील कागदी लिंबाला पाणी घालण्याची पाळी सातवीच्या मुलांकडे असते. खोडाभोवती गुडघाभर माती चढवून त्यांनी वर विटांचे सुबक कडे रचले होते आणि त्यात पाणी तुडुंब होते. मोठ्या कौतुकाने त्यांनी ते आम्हांस दाखविले. आम्ही शिपायाकडून खुरपे मागविले आणि त्यांना जवळ बोलाविले.