डेबोराच्या घराण्यामागे एक दिवस

सकाळी ७.३०

चहा उकळेपर्यंत मेल वाचून होतात. बोस्टनमध्ये राहून मी लोकांना त्यांचं घराणं शोधून द्यायचं काम करते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये अडीचशे वर्षं, म्हणून सध्या एकच प्रश्न निरनिराळ्या आडनावांनी येतो: आमचा पूर्वज क्रांतियुद्धात लढला असं आजी सांगायची, त्याचा कागद मिळेल का? ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ ही १८९० साली स्थापन झालेली संस्था सभासद करून घेताना पिढीपिढीचा दुवा कागदाने जोडून मागते. ‘आजी सांगायची’ एवढ्यावर तिथे भागत नाही.

उद्या नवशिक्यांचा वर्ग आहे. त्यांच्यापुढे ठेवायला या वेळी डेबोरा सॅम्पसनचं घराणं घेतलंय. पुरुषाचे कपडे घालून, रॉबर्ट शर्टलिफ या नावाने ती क्रांतियुद्धात लढली. तिच्याबद्दल गोष्टी भरपूर आहेत आणि कागदही भरपूर आहेत. दोघांचं आपसात पटत नाही. शिकवायला याहून चांगलं घराणं कुठलं?

सकाळी ८.३०

ट्रेनमध्ये प्रश्न लिहून काढते. डेबोरा सैन्यात नक्की केव्हा शिरली? वडील समुद्रात बुडाले म्हणतात, ते खरं का? आणि तिच्या मुलाबाळांचा माग कुठे लागतो? प्रश्न असे नेमके लिहिले नाहीत तर अभिलेखागारात दिवस सहज जातो आणि हाती फक्त फोटो उरतात.

सकाळी ९.३०

न्यूबरी स्ट्रीटवरचं न्यू इंग्लंडच्या वंशेतिहास संस्थेचं ग्रंथालय. संस्था १८४५ सालची, या विषयातली अमेरिकेतली सगळ्यात जुनी. पहिलं काम सोपं आहे. न्यू इंग्लंडमध्ये प्रत्येक गावचा कारकून जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायचा, आणि १८५० पर्यंतच्या या नोंदी गावोगावच्या छापील पुस्तकांत आल्यात. डेबोराचा जन्म प्लिम्प्टनचा, १७ डिसेंबर १७६०. आई डेबोरा ब्रॅडफर्ड ही ‘मेफ्लॉवर’ जहाजाने १६२० साली आलेल्या गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डची पणती. वडील जोनाथन सॅम्पसन.

आडनाव शोधताना ‘सॅमसन’ आणि ‘सॅम्पसन’ दोन्ही पाहायचं. कारकून कानाला पडेल तसं लिहायचा. एकाच गावात ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ जोनाथन दिसले म्हणून त्यांना बाप-लेक मानायचं नाही. एका नावाच्या दोन माणसांत वयाने मोठा तो थोरला, नातं असो वा नसो. नवशिक्यांची निम्मी झाडं इथेच भलत्या फांदीवर चढतात.

सकाळी ११.००

आता पेन्शनची फाईल. क्रांतियुद्धाच्या अशा सुमारे ८०,००० फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या आता संगणकावर दिसतात, तेवढ्यासाठी प्रवास करावा लागत नाही. ८ नोव्हेंबर १८०० च्या आगीत युद्धखात्याचं दप्तर जळालं, त्याआधीचे अर्ज गेले. जे आहे ते मुख्यतः नंतरच्या कायद्यांची देणगी. १८१८ च्या कायद्याने नऊ महिने नोकरी केलेल्या गरजू सैनिकांना पेन्शन दिली. १८२० मध्ये त्यांच्याकडून मालमत्तेची यादी मागितली. तीत गाय, भांडी, घरात कोण कोण आहे, त्यांची वयं, दुखणी सगळं येतं. वंशशोधकाला याहून काय हवं? १८३२ मध्ये मिलिशियात सहा महिने काढलेल्यांचीही सोय झाली, १८३६ पासून विधवांची. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पानच फाडून अर्जाला लावलं. ती पानं अजून फायलींत आहेत.

फाईलच्या क्रमांकाआधी एक अक्षर असतं: सैनिकाने स्वतः अर्ज केला तर ‘एस’, विधवेने केला तर ‘डब्ल्यू’, नामंजूर झाला तर ‘आर’. बायका सहसा ‘डब्ल्यू’मध्ये सापडतात. डेबोराची फाईल ‘एस’ आहे.

तिचं शपथपत्र सप्टेंबर १८१८ चं. त्यात ती एप्रिल १७८१ मध्ये भरती झाल्याचं सांगते आणि यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसची शरणागती पाहिल्याचंही. ही शरणागती १९ ऑक्टोबर १७८१ ची. आपल्याकडे हा कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर-जनरल म्हणून आला आणि टिपूविरुद्ध पेशव्यांच्या फौजा त्याच्या बाजूने होत्या, त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही. पण यॉर्कटाउनला डेबोरा होती का? शपथेवर सांगितलंय म्हणून नवशिका इथे थांबतो.

दुपारी १२.३०

पोळीभाजीचा डबा बाहेरच्या बाकावर. रीडिंग रूममध्ये पाण्याची बाटलीसुद्धा चालत नाही.

दुपारी १.३०

रेड लाइनने कोलंबिया पॉइंटला, मॅसॅच्युसेट्सच्या राज्य अभिलेखागारात. बॅग लॉकरमध्ये, पेन बंद, पेन्सिल चालते. आजचा मुख्य तास हाच.

एकेक कागद तारखेच्या क्रमाने मांडते. २३ मे १७८२ ची पावती वुस्टरची आहे. अक्सब्रिज गावच्या वतीने तीन वर्षांच्या नोकरीसाठी साठ पौंडांची बक्षिशी मिळाल्याची, आणि सही रॉबर्ट शर्टलिफची. राज्याने १८९६ ते १९०८ मध्ये सैनिकांच्या नोंदींचे सतरा खंड छापले, त्यांतही शर्टलिफ मे १७८२ मध्येच येतो, चौथ्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटमध्ये, कॅप्टन वेबच्या कंपनीत. डेबोरा राहायची त्या मिडलबरो गावच्या पहिल्या बॅप्टिस्ट चर्चने ३ सप्टेंबर १७८२ ला तिच्याशी संबंध तोडले, कारण गेल्या वसंतात पुरुषाचे कपडे घालून सैन्यात नाव घातल्याचा तिच्यावर संशय होता. ‘गेल्या वसंतात’ म्हणजे १७८२ च्या. मिडलबरोच्याच ॲबनर वेस्टन नावाच्या सैनिकाच्या डायरीतही जानेवारी १७८२ मध्ये तिने असा एक प्रयत्न केल्याची नोंद आहे. ही डायरी आता फिलाडेल्फियाच्या क्रांतियुद्ध संग्रहालयात आहे. पावती, चर्चची वही, डायरी. लिहिणारे तिघे, एकमेकांशी संबंध नाही, आणि तिघांना तिची गोष्ट सांगून काही मिळवायचं नव्हतं.

त्यानंतरचा कागद जानेवारी १७९२ चा. थकलेल्या पगारासाठी तिने राज्याकडे अर्ज केला, विधिमंडळाने ३४ पौंड आणि व्याज मंजूर केलं, गव्हर्नर जॉन हॅनकॉकची सही झाली. त्या ठरावातही भरतीची तारीख २० मे १७८२ आहे. म्हणजे युद्धानंतर नऊ वर्षांपर्यंत तारीख जागेवर होती. मग १७९७ साली हर्मन मान याने तिचं रसभरित चरित्र छापलं आणि त्यात तिला यॉर्कटाउनला नेलं. १८१८ चं शपथपत्र त्या पुस्तकानंतरचं.

पेन्शनसाठी तिने साल मागे ढकललं, असं म्हणायचा मोह होतो. पण कायद्याला नऊ महिनेच हवे होते, आणि मे १७८२ च्या भरतीपासून ऑक्टोबर १७८३ मध्ये सैन्यातून सुटेपर्यंतचेच सतरा महिने होतात. पैशासाठी १७८१ ची गरज नव्हती. इतपत कागद सांगतात. तिच्या मनात काय होतं ते कागद सांगत नाहीत, म्हणून मीही वहीत लिहीत नाही. निष्कर्ष एवढाच: भरती १७८२, यॉर्कटाउन नाही.

दुपारी ३.१५

आता वडील. घरात सांगितली जायची ती गोष्ट अशी, की जोनाथन सॅम्पसन समुद्रावर गेला आणि जहाजाबरोबर बुडाला. मागे आईला मुलं पोसवेनात, म्हणून ती नातलगांकडे आणि परक्यांकडे वाटली गेली. डेबोरा मिडलबरोच्या डीकन जेरेमाया थॉमसकडे अठरा वर्षांची होईपर्यंत कामाला बांधलेली होती.

बुडालेला माणूस जमिनीचा व्यवहार करत नाही. जोनाथन १७९४ साली एका मालमत्तेच्या कामासाठी प्लिम्प्टनला येऊन गेला. तो मेनमधल्या लिंकन काउंटीत मार्था नावाच्या बाईबरोबर राहत होता, तिच्यापासून त्याला मुलंही होती. मेन हा १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता, म्हणून शोध राज्याच्या आजच्या सीमेवर थांबवायचा नाही. पळून गेलेल्या नवऱ्याला समुद्रात बुडवणं त्या काळच्या आईला सोपं गेलं असेल. पण वंशावळीत त्या जहाजामुळे सावत्र भावंडांची एक अख्खी शाखा हरवते.

म्हणून वर्गात मी एक गोष्ट परत परत सांगते: ज्या माणसाबद्दल प्रश्न आहे, त्याच्या जमिनीची दप्तरं आधी पाहा. जमिनीवर पैसा असतो, पैसा असला की लोक नीट लिहितात.

संध्याकाळी ४.३०

उरलेला वेळ मुलाबाळांना. डेबोराने एप्रिल १७८५ मध्ये शॅरनच्या बेंजामिन गॅनेटशी लग्न केलं. मुलं तीन: अर्ल, मेरी, पेशन्स. मेरी पुढे गिल्बर्ट झाली, पेशन्स गे. सासरची आडनावं कळल्याशिवाय मुलींच्या शाखा पुढे सरकत नाहीत. १७९० च्या पहिल्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाचंच नाव असतं, बाकी घर पाच रकान्यांतले आकडे. गोऱ्या पुरुषांची तरी सोळा वर्षांखालचे आणि वरचे अशी विभागणी आहे. बायकांना वयही नाही. युद्धात गोळी खाल्लेली बाईही तिथे ‘स्त्रिया’ या रकान्यातला एक आकडा.

शॅरनचं नाव १७८३ पर्यंत स्टॉटनहॅम होतं, आणि गाव १७९३ पर्यंत सफोक काउंटीत होतं, मग नव्या नॉरफोकमध्ये गेलं. दस्त कोणत्या कचेरीत शोधायचे ते सालावर ठरतं. हे माहीत नसलेला माणूस रिकाम्या हाताने परततो आणि ‘नोंदच नाही’ असं लिहून मोकळा होतो.

डेबोरा २९ एप्रिल १८२७ ला गेली. बेंजामिनने सैनिकाचा विधुर म्हणून पेन्शन मागितली. कायद्यात विधवा होत्या, विधुर नव्हता. तो १८३७ मध्ये वारला, आणि १८३८ साली काँग्रेसने खास कायदा करून वारसांना ४६६ डॉलर ६६ सेंट दिले.

संध्याकाळी ७.००

घरी येऊन तक्ता भरते. प्रत्येक विधानासमोर चार रकाने: कागद कोणता, कोणी लिहिला, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही मिळवायचं होतं का. शेवटच्या दोन रकान्यांत शपथपत्र हरतं आणि साठ पौंडांची पावती जिंकते. शपथ मोठी की पावती, हा प्रश्न उद्या वर्गात पहिला टाकणार आहे.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापणाऱ्या घराण्यांनाही माझी हीच विनंती आहे. मूळ पुरुषाच्या पराक्रमाची गोष्ट जरूर छापा. पण ती कोणी, केव्हा, कोणाला सांगितली ते शेजारी लिहा. आणि त्याच्या नावचं एखादं खरेदीखत कुठल्या दप्तरात सापडलं, तर त्याला गोष्टीच्या वरचं पान द्या.