टाके पोटावर, दुखतो खांदा

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं की दुसऱ्या दिवशी अनेक रुग्ण सांगतात, 'पोटापेक्षा उजवा खांदाच ठणकतोय.' घरचे घाबरतात. कारण मात्र साधं आहे. शस्त्रक्रियेला जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी तो काढला तरी थोडा श्वासपटलाखाली उरतो आणि त्याला डिवचतो. श्वासपटलाची मुख्य नस मानेतून निघते आणि खांद्याच्या संवेदनाही मानेतल्या त्याच भागात पोचतात. त्यामुळे दुखणं खांद्याचंच आहे, असं मेंदूला वाटतं.

उरलेला वायू रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. बहुतेकांचा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो. तोवर खांद्याला कोमट शेक द्यावा; टाक्यांवर मात्र नको.

पोटाच्या टाक्यांना आधार द्यायला सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे साधी उशी. खोकला येतोय असं वाटलं की ती दोन्ही हातांनी पोटावर घट्ट धरायची आणि मगच खोकायचं. उठतानाही उताणं असताना एकदम उठू नये. आधी कुशीवर वळावं, पाय पलंगावरून खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्यानं बसावं.

'ऑपरेशन झालंय, पडून राहा' हा मायेचा सल्ला चुकीचा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी थोडं चालावं. त्यानं आतडी लवकर कामाला लागतात, पायात रक्ताची गाठ होण्याचा धोकाही घटतो.

हे सगळं डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या जोडीला करायचं, त्यांच्याऐवजी नव्हे. ताप, कावीळ, वाढती पोटदुखी, छातीत दुखणं किंवा धाप जाणवली तर शेकत बसू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.