लेकराला सोंग कशाला?

'शाळेत तर शहाण्यासारखा बसतो हो! घरीच तुम्ही लाडावून ठेवलाय.' बाईंनी असं म्हटलं, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या त्या आईचे डोळे भरून आले. परभणी जिल्ह्यातल्याच एका गावची ही गोष्ट. बचत गटामुळे तिची-माझी ओळख. तिचा आठ वर्षांचा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे.

'काय करू ताई, घरी आला की भिंतीवर डोकं आपटतो,' ती सांगत होती.

मैत्रिणींनो, दिवसभर हे लेकरू काय करतं, बघा. घंटेचा टोल, पत्र्याखालचा गोंगाट त्याच्या कानात सुईसारखा टोचतो. हात हलवले की त्याला बरं वाटतं. पण मुलं हसतात म्हणून तो हात मांडीखाली दाबून बसतो. नजरेला नजर देणं जड जातं, तरी देतो. घरी आल्यावर मग बांध फुटतो. बहुरूपी पोटासाठी सोंग घेतो. या लेकरानं कशासाठी घ्यायचं?

खरं सांगते, चूक माझीही होती. 'त्याला हात खाली ठेवायला शिकव, चारचौघांत बरं दिसतं,' असं मीच तिला सांगितलं होतं. आता त्याचं वाईट वाटतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नताही आहे. सरकारमान्य शाळेनं अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश तर द्यायचाच, शिवाय त्याच्या गरजेप्रमाणे सोयही करायची, असं हा कायदा सांगतो.

आणि या सोयींना फारसा पैसा लागत नाही. घंटेपासून लांबची जागा. खिचडी खायला शांत कोपरा. वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी कल्पना. 'माझ्याकडे बघून बोल' हा हट्ट नको. आणि वर्गातल्या मुलांना समजावून सांगायचं, की हात हलवणं ही त्याची रीत आहे, वेड नव्हे.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना सोबत घेऊन आम्ही पुन्हा शाळेत गेलो. बाईंनीही मनावर घेतलं. परवा भिंतीकडे बघत, हात हलवत त्यानं बाराचा पाढा म्हणून दाखवला.

'याला पाढे येतात हे मला माहीतच नव्हतं,' बाई म्हणाल्या.

कसं माहीत असणार? त्याचा सगळा जीव शहाण्यासारखं बसण्यातच जात होता ना! तेव्हा सख्यांनो, 'नीट बस' म्हणण्याआधी त्याला काय टोचतंय, एवढं जरूर बघा.