गुणवत्तेची तीन दारे

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत केवळ गुणवत्तेवर नोकरी मिळते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. संगणकशास्त्र शिकवीत असल्यामुळे ही भरती मी जवळून पाहतो. ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. कारण घटनेच्या कलम १६(४) मधील आरक्षण सरकारी नोकऱ्यांपुरतेच आहे.

या भरतीला तीन दारे असतात. पहिले अर्जाचे. कंपनीतल्याच कोणी शिफारस केली की अर्जाकडे लवकर लक्ष जाते. माझ्यासारखा जो घरातला पहिलाच पदवीधर, त्याने ही ओळख आणायची कोठून? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज खाजगी कंपन्यांकडे पाठविले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांशच भरली. चाळणी यंत्राच्या हाती दिल्याने हा दोष जात नाही. ॲमेझॉनने तयार केलेली संगणकीय चाळणी जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवरून शिकली आणि स्त्रियांना डावलू लागली. कंपनीने ती सोडून दिल्याचे २०१८ साली उघड झाले.

दुसरे दार तांत्रिक मुलाखतींचे. दिलेले कोडे सोडविणारा प्रोग्राम समोरच लिहायचा, तोही विचार मोठ्याने बोलत. उत्तराइतकीच विचाराची दिशा तपासली जाते. गूगलने तर निर्णय मुलाखतकारावर न सोडता त्याची लेखी टिपणे वेगळ्या समितीपुढे ठेवण्याची पद्धत रूढ केली. हे दार त्यातल्या त्यात न्यायाचे. ते सरावाने उघडते. पण ज्यांना शाळेने गप्प बसायलाच शिकविले, ती आमची मुले उत्तर येत असूनही मुकी राहतात.

तिसरे दार 'हा आपल्यात सामावेल का?' या प्रश्नाचे. वडील काय करतात, घरी कोण कोण शिकलेले आहे? सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांच्या २००७ च्या अभ्यासात भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांनी कौटुंबिक पार्श्वभूमीला महत्त्व देत असल्याचे स्वतःच सांगितले आहे. वडिलांच्या धंद्याचा मुलाच्या प्रोग्रामशी काय संबंध? येथे जातीचे नाव न घेता जातच विचारली जाते.

खाजगी क्षेत्रात आरक्षणाची आणि निवडीच्या लेखी निकषांची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण तोवर थांबून चालणार नाही. आत पोहोचलेल्यांनी आपल्या मुलांच्या शिफारशी कराव्यात. वसतिगृहांतून मोठ्याने बोलत सोडविण्याचा सराव घ्यावा. या दारांची माहिती काही घरांत वारशाने मिळते. आमच्या मुलांना ती आपणच दिली पाहिजे.