डोळ्यांना लायनर लावताना

मैत्रिणींनो, महाड-पोलादपूरकडे लग्नसराई म्हणजे ऐन उन्हाळा. दमट हवेत घाम फुटतो नि काजळ गालावर उतरतं. म्हणून बऱ्याच मुली लायनर लावून बघतात.

पहिल्यांदा लावणारीने पेन्सिलच घ्यावी, चुकलं तर पुसता येतं. हात बसला की मग ब्रशचं लिक्विड लायनर, तेही वॉटरप्रूफ. कोपर टेबलावर टेकवा, आरसा थोडा खाली धरा. पापणीच्या केसांलगत बारीक ठिपके द्या नि ते जोडत जा. पापणी ओढू नका, रेघ वाकडी येते.

पाकिटावर कंपनीचं नाव, घटक, बॅच नंबर, मुदत नसेल तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. काही सुरम्यांत शिसं सापडलंय; लहान मुलांच्या मेंदूला ते घातक. बाळाच्या डोळ्यांत तर काहीच घालू नका, आजी कितीही म्हणाली तरी!

नवरीचं लायनर करवलीने, मग मावशीने, असंही फिरवू नका. एकीचे डोळे आले की सगळ्यांचे येतात. लिक्विड लायनर सहा महिन्यांच्या आत टाकून द्या, रात्री पुसूनच झोपा. डोळे चुरचुरले, लाल झाले, तर लावणं थांबवा नि डॉक्टरांना दाखवा. हौस जरूर करा, पण डोळे सांभाळून!