कृत्रिम पाय आणि विम्याचे साठ दिवस

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तिला लागणारी चुनखडी जवळच्याच नंदिनीच्या खाणीतून येई. खाणीच्या आधाराने तिथे वसाहत उभी राहिली आणि तिचे नाव पडले नंदिनी नगर. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती, त्यामुळे या भागात मराठी घरे जुनी आहेत. कुणी खाणीत, कुणी कारखान्यात, तर कुणाचा मुलगा रोज मोटारसायकलवरून दुर्ग-भिलाईला नोकरीसाठी जाणारा. रस्त्यावर चुनखडीचे आणि सिमेंटचे ट्रक. अशा गावात हातपाय गमावण्याची भीती पुस्तकातली नसते.

एवढी भीती असूनही विमा उतरवताना कृत्रिम पायाचा प्रश्न कुणी विचारत नाही. हप्ता किती, रुग्णालय कोणते, कॅशलेस आहे का, एवढेच विचारले जाते. पाय गेल्यावर पॉलिसीचा कागद बाहेर निघतो आणि तेव्हा वाद सुरू होतो.

गंमत अशी, की कृत्रिम अवयव हे शब्द आपल्या आरोग्य विम्याला नवीन नाहीत. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम आणली. तिच्या जुन्या मसुद्यात रुग्णालयाच्या खर्चाची जी यादी होती, त्यात भूल, रक्त, प्राणवायू, पेसमेकर यांच्या जोडीला कृत्रिम अवयवांची किंमतही लिहिलेली होती. आजही अनेक पॉलिसींत ती ओळ सापडते. ती वाचून घरचे लोक निर्धास्त होतात. पण ही यादी रुग्णालयात दाखल असताना होणाऱ्या खर्चाची आहे, हे वरच्या ओळीत लिहिलेले असते आणि ती ओळ वाचायची राहून जाते.

दिनदर्शिका काय सांगते?

समजा, नंदिनी नगरमधला एक तरुण १ जूनला मोटारसायकलवरून येताना ट्रकखाली सापडला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. २० जूनला तो घरी आला. रुग्णालयाचे बिल विम्यातून मिळाले. घरी आल्यानंतरच्या औषधपाण्यासाठी बहुतेक पॉलिसींत साठ दिवसांची मुदत असते (काहींत ती जास्तही असते), म्हणजे १९ ऑगस्टपर्यंत.

आता पायाकडे पाहू. टाके निघाले तरी उरलेला पाय सुजलेला असतो. त्यावर क्रेप बँडेज घट्ट बांधून त्याला आकार आणावा लागतो, व्यायाम करावा लागतो. जखम पूर्ण भरून सूज उतरल्याशिवाय माप घेण्यात अर्थ नसतो. पहिला पाय पुष्कळदा तात्पुरता असतो. कायमचा पाय बसायला तीन महिने, कधी सहा महिने लागतात. मधुमेही माणसाला त्याहून जास्त. पाय बसवायला तो रुग्णालयात चोवीस तास दाखलही होत नाही. सकाळी जातो, माप देतो, परत येतो.

म्हणजे पाय तयार होईपर्यंत साठ दिवस उलटलेले आणि दाखल होणे नाहीच. पॉलिसीत पायाचे नाव असून दावा नामंजूर होतो, त्यामागे बहुतेक वेळा हे साधे गणित असते. बऱ्याच पॉलिसींत आणखी एक कलम असते, ज्यात शरीराबाहेर वापरायची टिकाऊ उपकरणे, कुबड्या, वॉकर, पट्टे वगैरे वगळलेले असतात. कृत्रिम पाय याच कलमात ढकलला जातो. गुडघ्याचा सांधा बदलला तर आत बसवलेल्या धातूच्या सांध्याचे पैसे मिळतात, आणि अख्खा पाय गेला तर बाहेरून लावायच्या पायाचे मिळत नाहीत! हे तर्कात बसवून दाखवणारा अजून तरी आम्हाला भेटलेला नाही. अमेरिकेतही हीच ओढाताण होती. तिथे कोलोरॅडो राज्याने २००० साली कायदा करून विमा कंपन्यांना कृत्रिम अवयवांचा खर्च देणे भाग पाडले, आणि मग इतर राज्ये एकेक करून त्या वाटेने गेली. आपल्याकडे तसा कायदा नाही.

म्हणून पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी एजंटला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. बाहेरून लावायचा कृत्रिम अवयव मिळतो का, दाखल न होता बसवला तरी मिळतो का, आणि घरी आल्यानंतर किती दिवसांपर्यंत. तोंडी ‘सगळे कव्हर आहे हो’ या उत्तरावर विसंबू नये.

दुसऱ्या खिशातले पैसे

आरोग्य विमा हात आखडता घेतो, तिथे अपघात विमा उपयोगी पडतो. तो बिल पाहत नाही. अवयव गेला, की ठरलेली रक्कम देतो, मग त्यातून पाय घ्या की घरखर्च चालवा. वैयक्तिक अपघात पॉलिसीत एक हात किंवा एक पाय गेल्यास साधारणपणे विमा रकमेच्या निम्मी आणि दोन अवयव गेल्यास पूर्ण रक्कम मिळते.

वर सांगितलेल्या तरुणाचेच उदाहरण पुढे नेऊ. मोटारसायकल त्याच्या नावावर आहे, परवाना चालू आहे. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो त्याने घेतलेला आहे. एक पाय गेला म्हणून त्याला साडेसात लाख मिळू शकतात. गाडीचा विमा म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद, एवढीच आपली समजूत असल्याने हा दावा कितीतरी घरांत केलाच जात नाही.

त्याच्या बँकेच्या पासबुकात वर्षातून एकदा वीस रुपये वजा झालेले दिसतील. ती २०१५ साली सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तिचा हप्ता आधी १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून २० झाला. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघातात एक हात किंवा एक पाय गमावल्यास एक लाख आणि दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गमावल्यास दोन लाख मिळतात. घरातल्या प्रत्येकाचे पासबुक या एका नोंदीसाठी जरूर पाहावे.

तिसरा खिसा ट्रकच्या विम्याचा. चूक ट्रकवाल्याची असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा, असे कलम १ एप्रिल २०२२ पासून आहे, त्यामुळे रुग्णालयाच्या धावपळीतही हे काम मागे टाकू नये. इथे एक चूक हमखास होते. वकील एका पायाची किंमत मागतो आणि मोकळा होतो. पाय काही जन्मभर टिकत नाही. उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कृत्रिम पायाचे आयुष्य पाच-सहा वर्षे धरले, पुढे तो किती वेळा बदलावा लागेल याचा हिशेब केला आणि देखभालीचा खर्चही वेगळा धरला. अर्जात हे सगळे मांडायला हवे, कारण भरपाई एकदाच ठरते.

पण पाय मधुमेहाने गेला असेल तर? मग यांतला एकही खिसा उघडत नाही, कारण तो अपघात नव्हे. घरात काकांना किंवा सासूबाईंना जुना मधुमेह असेल, तर आरोग्य पॉलिसी लवकर घ्यावी आणि आजार न लपवता घ्यावी. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावता येते, असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे.

कामावर असताना पाय गेला तर

कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्याला सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे, निवृत्तांना गट मेडिक्लेम आहे. प्रश्न बिकट होतो तो कंत्राटी कामगाराचा. ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यात ‘कारखाना’ या व्याख्येत खाण बसत नसे. ईएसआयमध्ये विमाधारकाला कृत्रिम अवयव मिळतो, तोही दाखल होण्याचा आणि साठ दिवसांचा घोळ न घालता, आणि नेमका खाणीतला माणूस त्याच्या बाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा जुना कायदा सामावला गेला आणि तिथे ‘आस्थापना’ या शब्दात खाणही येते. आपल्या कंत्राटदाराने नोंदणी केली आहे का, हे कामगाराने आता विचारायलाच हवे.

कामावरच्या इजेची नुकसानभरपाई देणारा १९२३ चा कायदाही याच संहितेत गेला आहे. त्यात अवयवागणिक टक्के ठरलेले होते. एकटा अंगठा गेला तर ३०, अख्खा हात मनगटापासून गेला तर ६०. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यावा, ही तरतूद २०१० पासून त्यात आली. कृत्रिम अवयवाचे बिल याच खर्चात मागावे. न मागता कुणी देत नाही.

फुकट पाय मिळतो, मग विमा कशाला?

असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जो पाय घडवला, त्याने उकिडवे बसता येते, अनवाणी चालता येते, चिखलात काम करता येते. १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवते. केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून आहे. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला आणि ठराविक मर्यादेतले उत्पन्न असेल तर तिच्यातून कृत्रिम अवयव मिळतो. नंदिनी नगरच्या लोकांना त्यासाठी फार लांब जायला नको, शेजारच्या राजनांदगावला केंद्र सरकारचे पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईला हाजी अलीची १९५५ ची संस्था आहेच.

पण गुडघ्यावरून पाय गेलेल्याला, दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याला किंवा वाढत्या वयाच्या मुलाला एकच साधा पाय पुरत नाही. मुलाचा पाय तर उंचीबरोबर बदलावा लागतो. चांगल्या प्रतीच्या गुडघ्याच्या सांध्याची किंमत लाखांत जाते. शिवाय पहिल्या वर्षात उरलेला पाय आणखी बारीक होतो, सॉकेट सैल पडते, घासते, जखम होते. मग माणूस पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेतो. सॉकेट बदलण्याचा हा खर्च विमाही देत नाही आणि शिबिर तर केव्हाच उठून गेलेले असते. म्हणून फुकट पाय घेतानाही दुरुस्तीला कुठे यायचे, हे आधी विचारून घ्यावे.

दावा नाकारला गेलाच, तर नकार लेखी घ्यावा आणि कोणत्या कलमाखाली नाकारला ते त्यात लिहून मागावे. पॉलिसीत कृत्रिम अवयवाचे नाव असेल आणि पाय मुदतीत बसवला असेल, तर दावा सोडू नये. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळला आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार पोचली पाहिजे. तिच्यासोबत पॉलिसीची प्रत, रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, पाय बसवायला इतके महिने का लागले याबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाय बनवणाऱ्याचे तारखेसह बिल जोडावे.